घर बांधताय? मग झाकलं जायच्या आधी बघून घ्या

आमचं घर कराडच्या बाहेर, तीन गुंठ्याचा प्लॉट, त्यावर खाली अकराशे स्क्वेअर फूट आणि वर जिन्याची खोली एवढंच. मिस्टर पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवारी यायचे, त्यामुळे साईट जवळजवळ सगळी मीच सांभाळली. इंजिनिअरिंगशी माझा काही संबंध नाही, पण दहा महिने रोज सकाळी मुलाला शाळेत सोडून साईटवर जायचं आणि संध्याकाळी लेबर सुटायच्या आधी परत एक चक्कर मारायची असं केलं की बऱ्याच गोष्टी आपोआप कळायला लागतात. आता नात्यातल्या कोणी बांधकाम काढलं की पहिला फोन मला येतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घराचं जे खरं काम असतं ना, ते घर झाल्यावर दिसतच नाही. पाया मातीखाली जातो, सळई काँक्रीटमध्ये जाते, पाईप भिंतीत जातात, वॉटरप्रूफिंग टाईल्सखाली जातं. आणि आपण डोकं कशावर खपवतो तर टाईल्सचा कलर, गेटची डिझाईन, किचनचा ओटा काळा का हिरवा. ते सगळं नंतर बदलता येतं हो, नाही आवडलं तर पाच वर्षांनी बदला. पायातली चूक नाही बदलता येत. म्हणून मी एकच नियम पाळला (आणि जिथे नाही पाळला तिथे भोगलं, ते पुढे येईलच): कुठलंही काम झाकलं जायच्या आधी आपण तिथे हजर, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, टेप लावायची, फोटो काढायचा आणि मगच पुढे जा म्हणायचं.

जागा आणि कागद

प्लॉट घेतलेला असला तरी बांधकामाच्या आधी हद्द कायम मोजणी करून घ्या, भूमी अभिलेख खात्याकडून. शेजारी कितीही चांगला असला तरी. उलट चांगला आहे म्हणूनच करा, कारण एकदा भिंत उभी राहिली आणि मग फुटाचा वाद निघाला की बोलणंच बंद होतं. सातबारावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर तुमचं नाव लागलंय का, जागा बिगरशेती झालीये का, रस्ता कागदावर आहे की नुसता वापरात आहे हे वकिलाकडून बघून घ्या. गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, तुमच्या दस्तातलं क्षेत्र आणि जाग्यावरचं क्षेत्र एकदा स्वतः गुणाकार करून जुळवा. बांधकाम परवानगीसाठी २०२० पासून राज्यात बहुतेक सगळीकडे एकच नियमावली आहे, तिला युडीसीपीआर म्हणतात, त्याप्रमाणे किती जागा सोडायची ते आर्किटेक्टकडून प्लॅनमध्येच दाखवून घ्या. बँकेचं लोन घेणार असाल तर मंजूर प्लॅन लागतोच आणि पैसे पण टप्प्याटप्प्याने येतात, त्यामुळे पहिल्या टप्प्याचे पैसे हातात ठेवूनच सुरुवात करा.

आणि नदीकाठच्या गावात असाल तर पूररेषा. कराड, सांगली, कोल्हापूर भागात २०१९ च्या ऑगस्टचा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जलसंपदा खात्याच्या नकाशावर निळी रेषा आणि लाल रेषा असते, निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमचा प्लॉट कुठे पडतो ते घ्यायच्या आधी बघा. आणि नकाशाशिवाय आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते भिंतीवर हात लावून दाखवतात. आम्ही तसं विचारूनच जोतं (घराच्या फरशीखालचा चौथरा) रस्त्यापासून तीन फूट उंच घेतलं.

पैसे वाचवायचेत ना, मग इंजिनिअरवर वाचवू नका

आमच्याकडे सर्रास चालतं की मिस्त्रीच म्हणतो, "वहिनी, कशाला ड्रॉईंग पाहिजे, मी चाळीस घरं बांधलीत." चाळीस बांधली असतील, मान्य आहे, आमच्या मिस्त्रीमामांचा हात खरंच चांगला आहे. पण तुमच्या जमिनीखाली काय आहे आणि कुठल्या कॉलमवर किती वजन येणार हा हिशेब वेगळा असतो आणि तो आरसीसीचं (सळई घातलेल्या काँक्रीटचं) डिझाईन करणाऱ्या इंजिनिअरचाच. त्याची फी पूर्ण घराच्या खर्चात बघितली तर किरकोळ असते, आणि कित्येकदा तर तो अंदाजाने टाकलेली जास्तीची सळई कमी करून फी तिथेच वसूल करून देतो. पाया, कॉलम, स्लॅब अशा प्रत्येक कामाच्या आधी त्याने साईटवर येऊन बघायचं हे फी ठरवतानाच ठरवून घ्या, किती व्हिजिट ते सुद्धा.

आमच्या भागात तर हे अजून महत्त्वाचं. माझ्या सासऱ्यांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अजून आठवते, कोयनेचा भूकंप, सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पळाले होते. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी आठवत असेल. किल्लारीला दगड-मातीच्या जड भिंतीच अंगावर आल्या होत्या. आता आपण आरसीसी करतो, पण आरसीसी म्हणजे आपोआप मजबूत असं नसतं, ते कसं बांधलंय त्यावर असतं.

ठेका लिहून घ्या

दोन प्रकार असतात, एक विथ मटेरियल आणि दुसरा नुसता लेबर रेट, म्हणजे माल आपण आणायचा. रोज साईटवर जायला कोणी असेल तर लेबर रेट परवडतो, नसेल तर उगाच त्यात पडू नका, माल कमी पडून चार-चार दिवस काम बंद राहतं. दोन्हीत भांडण एकाच गोष्टीवरून होतं, स्क्वेअर फूट कसा मोजायचा. बाल्कनी पूर्ण धरायची की अर्धी, जिना, पॅरापेट, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड हे रेटमध्ये आहे की जादा, छज्जे मोजायचे का, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) आणि फिटर (सळई बांधणारा) कोणाचा, मिक्सर-व्हायब्रेटरचं भाडं कोण देणार, पाणी मारायला माणूस कोणाचा. हे सगळं साध्या वहीत मराठीत लिहा आणि दोघांच्या सह्या करा. तोंडी ठरवताना सगळे गोड बोलतात. पैसे महिन्यावर नाही, टप्प्यावर द्यायचे, जोतं झालं की एवढे, स्लॅब टाकून झाला की एवढे, गिलावा झाला की एवढे, आणि शेवटचे थोडे पैसे एक पावसाळा जाईपर्यंत ठेवायचे असं आधीच बोलून घ्या, मागून बोललं की राग येतो.

मालाचा ढोबळ अंदाज हवा असेल तर साध्या एकमजली आरसीसी घराला १००० स्क्वेअर फुटाला साधारण ४०० ते ४५० बॅग सिमेंट आणि साडेतीन ते चार टन सळई लागते, जमीन आणि डिझाईनप्रमाणे कमी-जास्त. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, त्यामुळे त्याच्या आधीचं कोटेशन असेल तर परत विचारा, आणि पक्कं बिल घ्या.

आखणी

भूमिपूजन झालं की फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) लाईन मारतात. तेव्हा काटकोन तुम्ही स्वतः तपासा, काही अवघड नाहीये. एका दोरीवर कोपऱ्यापासून ३ फूट, दुसऱ्यावर ४ फूट खूण करा, तिरकं माप बरोबर ५ फूट आलं पाहिजे. मोठं माप घेतलं तर अजून अचूक, ६-८-१०. नंतर पूर्ण घराचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. इथे दोन इंच चुकले तर टाईल्स बसवताना कोपऱ्यात पाचर दिसते आणि तेव्हा काहीच करता येत नाही. आणि त्या फक्कीच्या रेषांमध्ये उभं राहून बघा की बेड कुठे, कपाट कुठे, दार कुठल्या बाजूला उघडणार. प्लॅनमध्ये मोठी वाटणारी खोली जमिनीवर आखली की एवढीशी दिसते, घाबरू नका, भिंती उठल्या की परत मोठी वाटते.

काळी माती आणि आमची चूक

आमच्याकडे वर सहा फूट काळी माती आणि खाली मुरूम. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तुम्ही शेतात बघितलंच असेल. तेच घराखाली होतं. म्हणून पाया काळ्या मातीत थांबवायचा नाही, पक्का मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जायचं आणि इंजिनिअरने खड्ड्यात उतरून बघितल्याशिवाय पीसीसी (बिनसळईच्या काँक्रीटचा थर) टाकू द्यायची नाही. माती फारच खोल असेल तर इंजिनिअर वेगळा पाया सुचवेल, तो महाग वाटला तरी ऐका.

पाया आमचा व्यवस्थित झाला. चूक झाली ती जोत्याच्या भरावात. माझ्या मावससासूबाईंचं वर्षश्राद्ध होतं म्हणून दोन दिवस गावाला गेले आणि तेवढ्यात ठेकेदाराने खड्ड्यातून निघालेली तीच काळी माती जोत्यात ढकलली, वर अर्धा फूट मुरूम पसरला. परत आले तर वरून छान लाल-पिवळं दिसत होतं, मला काही कळलंच नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर हॉलच्या एका कोपऱ्यातल्या टाईल्स खाली बसल्या, स्कर्टिंग आणि फरशीमध्ये बोट जाईल एवढी फट पडली. चार टाईल्स उचकटल्या तेव्हा खाली काळी माती निघाली, ओली, चिकट. पूर्ण हॉल खोदून, माती काढून, मुरूम भरून परत टाईल्स घालायला लागल्या, आणि घरात राहात असताना हे करणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

तर भराव मुरुमाचाच. एकदम सगळा ओतायचा नाही, सहा ते नऊ इंचाचा एक थर, त्यावर पाणी, मग धुमसाने किंवा मशीनने ठोकून घट्ट, मग पुढचा थर. भरावावर शेवटी एक-दोन दिवस नुसतं पाणी सोडून बघा कुठे खचतो का. वाळवीचं औषध पण याच वेळी, सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसीच्या आधी मारायचं असतं, नंतर फरशीला भोकं पाडून मारावं लागतं. आणि भरावाच्या दिवसांत गावाला जाऊ नका, जावंच लागलं तर काम बंद ठेवून जा.

सळई

गाडी आली की वजनकाट्याची पावती घ्या, पण त्याच्यावरच थांबू नका. सळईचं वजन काढायचं सोपं गणित आहे, मिलिमीटरमधला व्यास गुणिले व्यास, भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ एमएमची सळई म्हणजे १४४ भागिले १६२, साधारण ०.८९ किलो मीटरला, आणि पूर्ण सळई १२ मीटरची असते म्हणजे एक सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरते. ८ एमएमची पावणेपाच किलोच्या आसपास. बंडलातल्या सळया मोजा, गुणाकार करा, पावतीशी जुळवा. थोडा फरक चालतो, फार कमी भरली तर सळई बारीक आहे.

बांधताना काय बघायचं? कॉलमच्या रिंगा. रिंगची दोन्ही टोकं कॉलमच्या पोटात आत वळलेली पाहिजेत, १३५ अंशात. नुसती काटकोनात वाकवलेली नकोत. भूकंपात कॉलमचं वरचं काँक्रीट आधी गळून पडतं आणि मग काटकोनातली रिंग उघडते, उघडली की उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. आत वळलेलं टोक पकडून ठेवतं. फिटरला याला जरा जास्त वेळ लागतो म्हणून तो टाळतो, आमच्याकडे पहिल्या दोन कॉलमला टाळलंच होतं, मी इंजिनिअरला फोटो पाठवला, त्यांनी फिटरशी फोनवर बोलून सगळ्या रिंगा काढायला लावल्या. आणि कॉलमच्या खालच्या आणि वरच्या बाजूला रिंगा जवळजवळ असतात, मध्ये लांब, ड्रॉईंगमध्ये अंतर लिहिलेलं असतं ते टेपने मोजा. सळईला सळई जोडतात त्याला लॅपिंग म्हणतात, ते ढोबळमानाने व्यासाच्या ५० पट, म्हणजे १६ एमएमला अडीच फुटाच्या वर, आणि सगळ्या सळयांचे जोड एकाच उंचीवर यायला नकोत.

कव्हर ब्लॉक विसरू नका. सळई आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये काँक्रीटची जी जाडी असते ती पायात ५० एमएम, कॉलममध्ये ४०, बीममध्ये २५, स्लॅबमध्ये २० तरी पाहिजे. ही जाडी नसली की ओल आत जाते, सळई गंजते, गंज फुगतो आणि दहा-पंधरा वर्षांत छताचे पोपडे सळईसकट दिसायला लागतात. खडीचा तुकडा सळईखाली सरकवतात ते चालू देऊ नका, सिमेंटचे तयार कव्हर ब्लॉक मिळतात, अगदी स्वस्त असतात.

काँक्रीट म्हणजे पाण्यावर लक्ष

एम-२० ग्रेडचं काँक्रीट म्हणजे १ सिमेंट, दीड वाळू, ३ खडी. सिमेंटची ५० किलोची बॅग म्हणजे ३५ लिटर धरतात, म्हणजे वाळू साधारण ५२ लिटर आणि खडी १०५ लिटर. साईटवर माप घमेल्यात असतं आणि प्रत्येकाचं घमेलं वेगळं, शीग वेगळी. मी पहिल्याच दिवशी एका रिकाम्या डब्याचं माप घेतलं, घमेलंभर वाळू त्यात ओतून बघितली, आणि मिक्सरवाल्याला बॅगेला किती घमेली ते पत्र्यावर खडूने लिहून दिलं. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरणार असाल तर धुतलेली घ्या, मुठीत चोळल्यावर हाताला फार भुकटी राहिली तर परत पाठवा.

पण सगळ्यात जास्त बिघडतं ते पाण्याने. बॅगेला २५ लिटर, फार तर २७, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल पातळ असला की कामगारांना ओढायला हलका जातो म्हणून ते पाईपनेच पाणी सोडतात, आणि तेवढंच जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि आत पोकळ्या राहतात. पाईप बंद करा, मापाची बादली ठेवा. माल घट्ट वाटला तर व्हायब्रेटर लावा, पाणी नाही.

स्लॅबचा दिवस

हा दिवस मी कधी विसरणार नाही. आदल्या संध्याकाळी इंजिनिअर येऊन गेले, मी आणि मिस्टर टॉर्च घेऊन रात्री साडेनऊपर्यंत वर होतो. काय काय बघितलं सांगते: सेंट्रिंगच्या प्लेटांच्या फटी बुजवल्यात का, खालचे जॅक ओळंब्यात आहेत का आणि मातीवर नुसते न ठेवता फळीवर ठेवलेत का, फॅनचे बॉक्स आणि लाईटचे पाईप प्लॅनप्रमाणे पडलेत का, (वर बाथरूम असेल तर तिथला स्लॅब खाली घेतलाय का तेही), टेरेसला पाणी जायच्या जागा कुठे.

आणि छज्जा, बाल्कनी. हे नीट वाचा, कारण यात माणसं दगावतात. खोलीच्या स्लॅबमध्ये मुख्य सळई खाली असते पण भिंतीच्या बाहेर आलेल्या छज्जाला, बाल्कनीला मुख्य सळई वरच्या अंगाला लागते, कारण तिथे वजनाने वरची बाजू ताणली जाते. बांधताना फिटर बरोबर वर बांधतो, खाली चेअर (सळईचाच वाकवलेला आधार) देतो. पण दुसऱ्या दिवशी पंचवीस-तीस माणसं घमेली घेऊन त्याच्यावरून पळतात, चेअर मोडतात, सळई दबून तळाला जाते आणि वरून काँक्रीट पडलं की कोणालाच कळत नाही. प्लेट काढली की तो छज्जा वाकतो किंवा सरळ खाली येतो. म्हणून स्लॅब चालू असताना एका माणसाला फक्त एवढंच काम द्या, हातात आकडा, छज्जावर काँक्रीट पडत असताना सळई वर उचलून धरायची. आमच्याकडे मिस्टरांनी हेच केलं, दुसरं काही नाही. चालायला फळ्या टाका म्हणजे बाकीची सळई पण दबत नाही.

अजून एक पडताळा. एक घनमीटर एम-२० ला साधारण ८ बॅगा लागतात. आमचा अकराशे फुटाचा पाच इंची स्लॅब म्हणजे १३ घनमीटर, म्हणजे १०४ बॅगा, बीमचा हिशेब वेगळा. सकाळी बॅगा मोजल्या, संध्याकाळी रिकामी पोती मोजली. एकदा मध्ये दुपारी पोती कमी वाटली म्हणून विचारलं तर मिक्सरवाला घाईत खडीची घमेली वाढवत होता. ओरडले नाही, पण पुढचा सगळा वेळ मिक्सरजवळच खुर्ची टाकून बसले. संध्याकाळी सगळ्यांना जेवण दिलं, मटण-भाकरी आणि ज्यांना चालत नाही त्यांना वांग्याची भाजी आणि शिरा. स्लॅबचं जेवण मनापासून करा, ती माणसं सकाळपासून उन्हात घमेली टाकत असतात.

पाणी मारणं आणि प्लेटा काढणं

पीपीसी म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला कमीत कमी दहा दिवस काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे, मी चौदा दिवस धरले. स्लॅबवर आळी करून पाणी भरायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळायचं, सकाळी एकदा पाणी मारून दिवसभर वाळलं तर त्याचा उपयोग नाही. प्रत्येक कॉलमवर भरल्याची तारीख खडूने लिहून ठेवा, कुठल्याला किती दिवस झाले यावरून वाद होत नाही.

सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साईटला न्यायच्या असतात, तो पाचव्या दिवसापासून फोन करतो. काढू देऊ नका. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू सात दिवस, जास्त असेल तर चौदा, बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत चौदा दिवस आणि त्याहून मोठ्याला एकवीस, आणि हे सगळे साध्या ओपीसी सिमेंटचे कमीत कमी आहेत, पीपीसीला आणि थंडीत अजून थांबा. छज्जाखालचे टेकू इंजिनिअरला विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. ठेका लिहिताना हे दिवस पण लिहा.

भिंती, गिलावा

यावर फार लिहीत नाही कारण हे डोळ्याला दिसतं. वीट छातीच्या उंचीवरून सोडली तर फुटायला नको, दोन विटा एकमेकीवर आपटल्या तर खणखणीत आवाज यायला पाहिजे. लाल वीट आधी भिजवायची. ओळंबा लावून बघा. काँक्रीट आणि वीट जिथे भेटतात तिथे गिलाव्याच्या आधी चिकन जाळी मारून घ्या, नाहीतर बरोबर त्याच रेषेत तडा जातो, बहुतेक घरांत बघा बीमच्या खाली सरळ आडवा तडा असतो तो हाच.

बाथरूम

गळतीची नव्वद टक्के भांडणं इथली असतात असं आमचे प्लंबर म्हणतात आणि मला पटतं. वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करा, पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि दोन-तीन दिवस तसंच ठेवा. थोडं पाणी हवेने कमी होतं, पण खालच्या बाजूला किंवा शेजारच्या भिंतीला ओल आली तर आत्ताच कळतं. आमचं पहिल्यांदा पास झालं. नंतर टाईल्सवाल्याने उतार जुळत नाही म्हणून ट्रॅप दोन इंच सरकवायला छिन्नी लावली, मला वाटलं किरकोळ आहे, पण मिस्त्रीमामाच म्हणाले की वहिनी परत पाणी भरा. भरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या भिंतीला ताटाएवढा ओलसर डाग. परत उकरून केलं. त्या एका वाक्यासाठी मी मामांची कायम आभारी आहे. म्हणजे छिन्नी लागली की टेस्ट परत, नियमच करा.

पाण्याच्या पाईपची प्रेशर टेस्ट टाईल्सच्या आधी, हातपंप लावून, काटा रात्रभर उतरायला नको. गरम पाण्याला सीपीव्हीसीच (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाईप) घ्या. टेरेसचा कोबा करताना दर आठ फुटाला एक इंच उतार, आणि पाणी जायला एकच भोक ठेवू नका, एक पालापाचोळ्याने तुंबलं तर दुसरं पाहिजे.

लाईट

वायर चांगल्या कंपनीची, आयएसआयची, लाईट-फॅनला दीड, पॉवर पॉईंटला अडीच, गीझर आणि एसीला चार स्क्वेअर एमएम. अर्थिंग खरंच केलंय का बघा, खड्डा, प्लेट सगळं स्वतः बघून. आणि मेन बोर्डला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावा, कोणाला शॉक लागला तर तो क्षणात लाईट तोडतो. लहान मुलं, म्हातारी माणसं असलेल्या घरात यावर दुसरा विचार करूच नका.

फोटो

गिलाव्याच्या आधी प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे फोटो, भिंतीला टेप लावून, म्हणजे कोपऱ्यापासून पाईप किती इंचावर आणि जमिनीपासून किती उंचीवर ते फोटोतच वाचता येतं. स्लॅबच्या सळईचे, पायाच्या खड्ड्याचे, सेप्टिक टँकच्या पाईपलाईनचे सुद्धा. खोलीप्रमाणे फोल्डर करा, आरसीसी ड्रॉईंग, परवानगीचा प्लॅन, बिलं सगळं त्यातच, आणि घरातल्या दोन माणसांच्या फोनवर ठेवा.

मागच्या महिन्यात सासूबाईंसाठी बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा होता. ड्रिलवाल्याने भिंतीवर खूण केली, मी म्हटलं थांबा जरा, आणि फोनवर फोटो उघडला. गरम पाण्याचा पाईप त्याच्या खुणेपासून बरोबर पाऊण इंचावर होता. दांडा चार इंच डावीकडे घेतला.